पेटीवाचून गाणं

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. कपड्यांची नव्हे, गाण्याची. हेही दर वेळी सांगावं लागतं, काय करणार! नागपूरच्या एका कारागिराने मला सागवानातून घडवलं आणि बालाघाटच्या मराठी मंडळात माझा संसार सुरू झाला. भजन असो की बारसं, गुणाकररावांची बोटं आणि माझे सूर यांच्यावाचून कोणाचं पान हलत नसे. कौतुक व्हायचं त्यांचं. माझ्या झाकणावर मात्र गरम चहाचे कप!

यंदा गणपतीत त्यांची पुतणी प्राची जबलपूरहून एक खूळ घेऊन आली. म्हणे, 'अ कापेला' गायचं.

"हे का असते वं?" गुणाकररावांनी विचारलं.

"बिना वाद्याचं गाणं, काका. इटलीचा शब्द आहे. असली मतलब, चर्चच्या प्रार्थनाघरात गातात तसं. तिथं कधी कधी वाद्यंबी राहत. वाद्य नाहीच, हा अर्थ मागून पक्का झाला."

"मंग आपल्या हट्टा गावच्या बाया धानाचा रोवणा करताना, चिखलात रोपं लावताना गातात, ते?"

"हौ, तेबी तसंच. नाव तेवढं तिकडचं."

ऐकलंत? त्या नावात 'पेटी नको' असं मुळात नव्हतंच! पण माझं ऐकतो कोण? मंडळातल्या पोरापोरींना जमवून प्राची तालीम घ्यायची. पहिला सूर माझ्याकडून घ्यायचा आणि लगेच भाता बंद. गरज सरो, वैद्य मरो! गुणाकररावांनाही राहवेना. ते हळूच एखादी पट्टी दाबायचे आणि प्राची ओरडायची, "काका, राहू द्या ना! तुम्ही असे सूर देऊन राह्यले तर हे एकमेकाले ऐकतील कवा?"

कार्यक्रमात गुणाकरराव आणि मी कोपऱ्यात बसलो. दुसऱ्या कडव्यात पुढच्या रांगेत गाणाऱ्या अंजूचा सूर उतरला आणि तिच्यामागोमाग सगळे घसरले. प्राचीचा चेहरा पडला. गुणाकररावांचा हात भात्यावर आला. दाबा, दाबा आता, मी मनात म्हणत होते. पण पेटी वाजली असती, तर पोरीची सगळी मेहनत पाण्यात गेली असती. त्यांनी हात मागे घेतला आणि स्वतःच गायला लागले. खणखणीत, सरळ सूर! अंजूने तो धरला, मग सगळ्यांनी.

जन्मभर या माणसाने दुसऱ्यांच्या गळ्याला साथ केली आणि स्वतःचा गळा मलासुद्धा ऐकवला नाही! मला भयंकर राग आला. आणि खरं सांगते, रडूही आलं.

आता ते रांगेत उभे राहून गातात. गावंच त्यांनी. पण मित्रांनो, माझ्या भात्यात झुरळं झालीत, पट्ट्या ओल धरून फुगल्यात. तुमच्यापैकी कोणीतरी मला पुसा आणि शिकायला बसा. त्यांची जागा रिकामी आहे.