पुट्टीखाली

सासरे आले तेव्हा सायकल दारात नव्हती.

"गेली का घेऊन?" चपला काढता काढता त्यांनी विचारलं.

"टेकडीच्या रस्त्यानं एक चक्कर मारून येते म्हणाली," जावई म्हणाला.

तो शाळेत चित्रकला शिकवायचा. बायकोच्या मापाची सायकल स्वतः बनवायची, या हौसेपायी त्यानं सहा महिने मागची खोली पाइपांनी भरून टाकली होती. वेल्डिंग शिकला व्हिडिओ बघून. सासऱ्यांची उभी हयात बॉयलरच्या कारखान्यात जोड तपासण्यात गेलेली. "रंग देण्याआधी मला दाखवा," असं त्यांनी दोनदा बजावलं होतं. रंग देऊन झाला होता. निळा.

"सरावाचा एखादा तुकडा आहे?"

त्यानं कौतुकानं काढून दिला. दोन पाइप, मधे माशाच्या खवल्यांसारखी सुबक शिवण. सासऱ्यांनी तीवरून अंगठा फिरवला.

"दृष्ट लागेल असा दिसतोय. करवत द्या."

त्यांनी तुकडा मधोमध कापला आणि खिडकीपाशी नेला.

"ही काळी रेघ बघा. धातू आत मुरलाच नाही. वरून मेण थापल्यासारखा नुसता चिकटलाय. हँडलखालचा जोड कसा झालाय?"

जावई करवतीचा कीस हातानं गोळा करायला लागला.

"जावईबापू, मी काय विचारतोय?"

"टाचणीच्या टोकाएवढं भोक राहिलं होतं. घासायला गेलो तर वाढायला लागलं. मग पुट्टी भरली."

"तिला सांगितलंत?"

"नाही."

त्यानं घाईघाईनं बायकोला फोन लावला. तो स्वयंपाकघरात फ्रिजवर वाजला.

दार नुसतं ओढून घेऊन दोघं सासऱ्यांच्या स्कूटरवरून निघाले. प्रत्येक वळणावर जावई आधी कठड्यापलीकडे बघत होता, मग रस्त्याकडे. तिसऱ्या वळणावर ती कडेच्या दगडावर बसलेली दिसली. कोपर खरचटलेलं, बाकी धडधाकट.

"रागावू नकोस हं," नवऱ्याला बघताच ती म्हणाली. "उतारावर हँडल थरथरायला लागलं, म्हणून घाईत उतरले आणि पडले. माझ्याच हातून काहीतरी बिघडलं बहुतेक."

सासऱ्यांनी सायकल उभी केली. निळा रंग पाइपाच्या निम्म्या घेरापर्यंत फाटला होता. दोन बोटांनी त्यांनी हँडल रेटलं. फट उघडली, आत पांढरी पुट्टी दिसली. सोडलं, फट मिटली.

"आणखी एक वळण," ते एवढंच म्हणाले.

मग जावयानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिनं कोपर धरून ऐकून घेतलं.

"भोक दिसलं तेव्हा मी कुठे होते?"

"शेजारच्या खोलीत."

"म्हणजे हाकेवर."

ती वडिलांच्या मागे स्कूटरवर बसली. जाताना तिनं वळून पाहिलं नाही.

सायकल खांद्यावर टाकून तो चालत निघाला. घरी पोचायला दीड तास लागला. दाराला बाहेरून कुलूप होतं.