विलायतेच्या ट्रंकेतील चार गडू

सुज्ञ वाचकहो, विलायतेच्या जलप्रवासास निघणाऱ्या मनुष्याने ट्रंकेत काय न्यावे व काय घरी ठेवावे, या गहन विषयासंबंधी सांगली शहरी घडलेली एक हकिकत येथे यथामती निवेदन करण्यात येत आहे. ती शांत चित्ताने श्रवण करावी.

सन एकोणीसशे एकोणपन्नासच्या वैशाखात शेंगांच्या व्यापाऱ्याचा मुलगा वर्धमान हा तेलाच्या यंत्रांची विद्या संपादन करण्यास्तव दोन वर्षे विलायतेस जाणार होता. बोट शुक्रवारी मुंबईहून सुटणार होती. सोमवार उजाडला, तरी त्याच्या मातोश्री चंपाबाई यांच्या मुखातून ‘जा’ हे एकाक्षरी अनुज्ञावचन निघाले नव्हते. आणि त्यावाचून उंबरा ओलांडायचा नाही, असा वर्धमानाचा निश्चय असल्यामुळे त्याचा जीव टांगणीला लागला होता.

ट्रंक मात्र चंपाबाईच भरीत होत्या. घरात सर्व त्यांना अव्वा म्हणत. तळाशी कडक भाकऱ्यांची चळत, वर शेंगदाण्याची चटणी (लसूण अर्थातच वर्ज्य), मेतकूट, खारका आणि पाणी गाळण्याचे दुहेरी धुवट वस्त्र. वर्धमानाचा लोकरी सूट व ओव्हरकोट उरलेल्या चार बोटे जागेकडे आशाळभूतपणे पाहत होते.

“बोटीवर पाणी कुठलं असतंय?” अव्वांनी अकस्मात विचारले.

प्रश्न साधा नव्हता. पाणी गाळून प्यावे आणि गाळण्यात राहिलेले सूक्ष्म जीव ज्या आडाचे त्याच आडात परत सोडावे, हा त्या जैन घराचा नेम. त्या जिवांसह उरलेल्या पाण्यास जीवाणी म्हणतात.

वर्धमानाने शेजारच्या हंबीररावांस पाचारण केले. ते पलटणीतून पार इटलीपर्यंत जाऊन आले होते. अव्वांचे शंकासमाधान तेच करतील, अशी त्याची भाबडी आशा.

“आवं अव्वा, लय सोपं हाय!” हंबीरराव म्हणाले. “बोट मुंबैला पाणी भरती, मग एडनला, मग पोर्ट सैदला. नळ सोडला की धो धो!”

“म्हंजे तीन ठिकाणचं पाणी,” असे म्हणून अव्वा आत गेल्या आणि झाकणाचे तीन पितळी गडू घेऊन आल्या. त्यांच्या गळ्यांत लाल, पिवळा व हिरवा दोरा बांधलेला. “लाल मुंबैचा. ज्या बंदराची जीवाणी, त्याच्या गडूत साठवायची आणि येताना ज्याची त्याला सोडायची. तो कोट सार बाजूला.”

“आणि विलायतेच्या पाण्याला चौथा नको व्हय?” वर्धमानाची पत्नी पद्मावती दाराआडून म्हणाली. तोंडाला पदर होता.

“बरी आठवण केलीस गं!” अव्वा चौथ्याच्या शोधात फडताळाकडे वळल्या.

“पर दोन वर्सं त्ये जीव जित्ते ऱ्हातील व्हय?” हंबीररावांनी मिशीआड हसत विचारले.

“पाण्यातच हायत की! तुमी पलटणीत बकरी खाणारी माणसं, तुमाला काय कळतंय?”

वर्धमानास प्रथम हसू आले, मग संताप आला, आणि मग एक गोष्ट आठवली. अव्वा रोज सकाळी पाणी गाळीत आणि त्याच पावली जीवाणी आडात सोडीत. जीव खोळंबतात, म्हणून क्षणभरही ती घरात ठेवू देत नसत.

तो त्यांच्याजवळ बसला. “अव्वा, घोट घ्यायच्या आधी जीवाणी सोडायची, हे तूच शिकवलंस. मग आता दोन वर्सं कोंडून ठिवायची?”

अव्वांनी हातातील गडू पदराने पुसला. पुसलेलाच पुन्हा पुसला.

“माझ्या भावाचा अण्णाप्पा आफ्रिकेला गेला, त्याला बारा वर्सं झाली,” त्या म्हणाल्या. “माघारी यायला माणसाला कायतरी कारण नको व्हय? एवढे जीव खोळंबले असले, म्हंजे तू येशील.”

हंबीररावांचे हसू मिशीतच विरले.

वर्धमानाने ओव्हरकोट स्वहस्ते दूर सारला आणि चारही गडू भाकऱ्यांवर नीट बसविले. “रिकामेच नेतो. जीवाणी तिथल्या तिथं सोडीन. पण गडू घरचे हायत, ते माघारी आणून द्यावेच लागतील.”

अव्वांनी झाकण लावून कडी घातली. “चारातला एक जरी कमी आला, तर घरात घेणार न्हाई. जा.”

बुधवारी भर दुपारी, उन्हाने पत्रे तापले असताना, लोकरी सूट व त्यावर ओव्हरकोट परिधान केलेला एक तरुण घाम निथळत सांगली स्टेशनावर गाडीत चढला.

“गड्या, थंडी लय पडलीया काय रं?” हंबीररावांनी खिडकीशी येऊन विचारले.

“ट्रंकेत गडू हायत,” वर्धमान मोठ्या अभिमानाने उत्तरला.

ही हकिकत रहिमतपूर मुक्कामी नाथाजी सिद्धू भोसले याने लिहिली. वाचकांनी आपला बहुमोल वेळ तीस दिला, त्याबद्दल तो सर्वांचा अंतःकरणपूर्वक आभारी आहे.