कॅरिबूची मान

सेल्बीनं मारलेल्या कॅरिबूच्या, म्हणजे आमच्याकडच्या मोठ्या हरणाच्या, मुंडक्यात मी पेंढा भरून देत होतो, फुकट आणि मनापासून. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर लोक म्हणाले की माझ्या, लिअँडरच्या, पोटात पहिल्यापासून दुखत होतं. खोटं आहे. चाळीस वर्षं सेल्बी आणि मी एका होडीत बसून कॉड मासा धरला. कॉड संपला तेव्हा एकाच दिवशी जाळी वाळत घातली. न्यूफाउंडलंडच्या या किनाऱ्यावर माणसाला एक मित्र पुरतो, आणि मला तो होता.

पेंढा म्हणायचं फक्त. आता आत फोमची मान येते, तयार, टपालानं. पण कातडं तुम्हालाच तयार करावं लागतं, आणि खरं काम तेच. मी ते कुणाकडून शिकलो नाही. पहिली तीन मुंडकी नासवली आणि चौथ्यापासून जमायला लागलं. बंदरात दुसऱ्या कुणाला येत नाही.

ऑक्टोबरात मारलेल्या जनावराचं ते कातडं एप्रिलपर्यंत सेल्बीच्या फ्रीझरमध्ये पडून होतं. आणलं तेव्हा दगड होता नुसता. मी ते दोन दिवस शेडमधल्या थंडीतच सुटू दिलं. शेगडीजवळ ठेवलं की वरून ऊब लागते, आत बर्फ राहतो, आणि मग केस मुठीमुठीनं हातात येतात. सेल्बीनं सोललंही गबाळेपणानं होतं. मानेच्या भागाला बोट-बोट मांस तसंच. मी कॉड फाडायच्या टेबलावर कातडं आतली बाजू वर करून पसरलं, कॉडचीच सुरी घेतली आणि खरवडायला बसलो. कान उलटे केले, ओठ आतून चिरले. मग मिठाची तयारी. कॉड खारवायचं मीठ जाड असतं, कातड्याला टोचतं, म्हणून मी ते बर्निसच्या कॉफीच्या यंत्रात दळतो.

“आज पुन्हा खारट कॉफी का?” बर्निसनं दारातून विचारलं. बर्निस माझी बायको.

“चहा पी.”

“पस्तीस वर्षं चहाच पितेय. तुझ्यामुळे.”

ती गेली आणि दहा मिनिटांनी सुरी अडकली. मानेच्या बुडाशी, उजव्या बाजूला, काळ्या पडलेल्या रक्ताच्या पापुद्र्याखाली काहीतरी टणक होतं. मला वाटलं हाडाचा तुकडा. मी तो कापून बाहेर काढला, बादलीत धुतला आणि हातावर घेतला.

तांब्याची गोळी. चार पाकळ्या उघडलेली.

आमच्या बंदरात तांब्याच्या गोळ्या एकटा मी वापरतो. शिशाचे कण मांसात राहतात, नातवंडांना खायला घालू नका, असं मुलीनं फोनवर बजावलं होतं, म्हणून. सगळे हसले होते. सेल्बी सगळ्यात जास्त. तो बापाची लढाईतली जुनी बंदूक वापरतो, तिची शिशाची गोळी माझ्या अंगठ्याएवढी.

मी कातड्याची डावी बाजू तपासली. केसांतून काही दिसत नव्हतं, ऑक्टोबरात नराच्या गळ्याला पांढरी आयाळ इतकी दाट असते. आतून मात्र भोक स्वच्छ दिसत होतं. गोळी डावीकडून शिरली, मान पार करून उजव्या कातड्याखाली थांबली. ऑक्टोबरात मी ज्या नरावर गोळी झाडली होती, त्याची डावी बाजू माझ्याकडे होती.

ऑक्टोबरात काय झालं ते ऐका. टेकाडाच्या या बाजूला मी होतो, पलीकडे सेल्बी. मोठा नर आला. मी गोळी झाडली, तो ढासळला, उठला आणि टेकाड ओलांडून गेला. मिनिटाभरानं पलीकडे सेल्बीची बंदूक वाजली. गुडघा धरत मी अर्ध्या तासानं वर पोचलो तर तो खालून हात हलवत येत होता. “तुझा उत्तरेला पळाला,” म्हणाला. “मी मारला तो वेगळा. कळपातला दुसरा.”

आमच्यात रीत आहे. पहिलं रक्त ज्याच्या गोळीनं, जनावर त्याचं. मुंडकं त्याचं, आणि दुसऱ्याची गोळी लागली असेल तर मांस अर्धं-अर्धं. आणि दुसरी रीत: जखमी करून जनावर हरवलं, तर ते तुमच्या खात्यात गेलं. तुम्ही परवाना दुमडून खिशात ठेवायचा आणि त्या वर्षी दुसरं मारायचं नाही. पण आधी शोधायचं. मी तीन दिवस शोधलं. दलदलीत, मांडीपर्यंत. तिसऱ्या दिवशी गुडघ्यात काहीतरी तुटलं, आणि डॉक्टर म्हणाली की आता टेकाडं बंद. म्हणजे ती माझी शेवटची शिकार. आणि शेवटच्या शिकारीत मी जनावर जखमी करून सोडून आलो, असं अख्ख्या बंदरानं हिवाळाभर चघळलं. दुकानातली डल्सी मला पीठ बांधून देताना म्हणाली, “बिचारं कुठं पडलं असेल, नाही?” मी पैसे ठेवले आणि खाली बघून बाहेर आलो. मी, ज्यानं आयुष्यात एक जनावर अर्धं सोडलं नव्हतं.

त्या तीन दिवसांत सेल्बी माझ्याबरोबर होता. रोज. थर्मासमधला चहा आधी मला द्यायचा.

मी बर्निसला हाक मारली. तिनं गोळी बघितली, भोक बघितलं.

“काढायच्या आधी का नाही बोलावलंस?”

“म्हणजे?”

“आत असताना मी बघितली असती. डल्सीनं बघितली असती. आता ती तुझ्या हातात आहे, लिअँडर. तुझ्या हातात तुझी गोळी. यात कुणाला काय दिसणार?”

मासे धरणाऱ्या माणसाची खोड ती. गळ दिसला की आधी काढायचा.

शनिवारी सकाळी सेल्बी आला. बर्निसनं तळलेल्या पावावर काकवी घालून त्याच्यापुढे बशी ठेवली, कारण इतकी वर्षं ठेवत आली होती.

“काय मग, माझ्या नवरदेवाची दाढी झाली का?” तो म्हणाला. “जूनमध्ये भाड्यानं राहणारे पाहुणे येतायत. मुख्य भूमीवरचे, बंदुकांचे शौकीन. नव्या खोलीत बरोबर दारासमोर लावणार. तेवीस टोकं आहेत शिंगांना, मोजलीस?”

मी गोळी त्याच्या बशीच्या कडेला ठेवली.

“हे तुझ्या नवरदेवाच्या गळ्यात होतं. डावीकडून शिरलेलं.”

तो बघत राहिला. पण मी त्याला ओळखतो, त्याला नवल वाटलं नव्हतं. त्यानं पाव मोडला, खाल्ला, आणि म्हणाला, “लेका, असल्या गोळ्या तुझ्या खणात डबाभर आहेत.”

“उघडलेली गोळी खणात नसते.”

“ओल्या वाळूत झाडली की उघडते. मी म्हणत नाही तू तसं केलंस. लोक म्हणतील.”

इतकं चटकन बोलला की मला कळलं, उत्तर हिवाळ्यापासून तयार होतं. गोळी आत असेल अशी शंका होती त्याला. तरी मुंडकं माझ्याकडेच आणलं, कारण दुसरीकडे नेलं असतं तर बंदरानं विचारलं असतं, लिअँडर असताना बाहेर का. आणि वरून केसांत त्याला भोक सापडलं नव्हतं.

“एक सांग,” मी म्हणालो. “दुसऱ्या दिवशी लांबट तळ्यापाशी तू मला हाक मारलीस. रक्त दिसलं म्हणालास, आणि पश्चिमेला घेऊन गेलास. तिथं रक्त होतं?”

तो बोटावरची काकवी चाटत बसला. मग खिडकीकडे बघून म्हणाला, “आतडी पूर्वेला टाकली होती. कावळे जमायला लागले होते. तुला दिसले असते, तिथवरचं रक्तही.”

बर्निसनं शेगडी बंद केली. “आणि रात्री इथं येऊन त्याच्या गुडघ्याला शेक दिलास,” ती म्हणाली. “माझ्या टॉवेलनं.”

“मग काय करायचं होतं? एकदा वेगळा म्हणालो, मग वेगळाच ठेवावा लागला. त्याला तशी दहा मुंडकी मिळाली, बर्निस. मला कधी असं जनावर मिळालं का?”

“मागितलं असतंस तर दिलं असतं,” मी म्हणालो. हे खरं होतं, आणि म्हणूनच माझं डोकं फिरलं. “सेल्बी, दुकानात चल. डल्सीसमोर सांग.”

“नाही सांगणार. खोलीवर आयुष्याची कमाई लावलीय मी. चोरलेल्या मुंडक्याखाली कोण झोपायला येईल?”

“मग मुंडकं मिळणार नाही.”

“परवाना माझ्या नावाचा आहे. शिंगांवर परवान्याची पट्टी माझी आहे.”

“वनखात्याच्या साहेबाकडे जा. सांग, लिअँडर माझं मुंडकं देत नाही. तो विचारेल का देत नाही. डल्सी विचारेल. काय सांगायचं ते तू ठरव.”

तो उठला. अर्धा पाव बशीत राहिला. सेल्बीनं आमच्याकडे कधी काही टाकलं नव्हतं.

मी काम पूर्ण केलं. दोनदा मिठात घातलं, कमावलं, फोमवर चढवलं, डोळ्यांभोवती मातीनं पापणी उठवली, नाकाचे केस ब्रशनं सरळ केले. मानेमागची शिवण अशी घातली की शोधून सापडणार नाही. डावीकडचं भोक मात्र शिवलं नाही. त्याच्याभोवतीची आयाळ बोटभर कापून ठेवली आणि मुंडकं स्वयंपाकघरात टांगलं, डावी मान दाराकडे करून.

लोक आले. चहा घेतला, बघितलं. “हे सेल्बीचं ना?” विचारलं. मी म्हणायचो, “सेल्बीला विचारा.” सेल्बी न्यायला येत नाही, साहेबाकडे जात नाही, हे दर आठवड्याला सगळ्यांना दिसत होतं. जूनच्या शेवटी डल्सी पीठ बांधताना माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, “गुडघा कसा आहे, लिअँडर?” जनावराचं नाव काढलं नाही. माफी कुणी मागितली नाही. आमच्या बंदराला तेवढंच येतं.

नाव परत मिळालं म्हणायचं तर मिळालं. पण ते तीन दिवस अजून माझ्या डोक्यातून जात नाहीत. मी पुढे पाणी तुडवतोय, रक्त शोधतोय, आणि तो मागे चालतोय, मी कुठे वळतो याच्यावर लक्ष ठेवून.

सेल्बीच्या खोलीत आता विकत आणलेलं मूस हरणाचं मुंडकं आहे. उद्घाटनाला बर्निस गेली, पाव भाजून द्यायचं तिनं आधीच कबूल केलं होतं. मी जाऊ नको म्हणालो नाही. परत आली तेव्हा कोट काढता काढता म्हणाली, “त्यानं विचारलं, कसर लागली नाही ना मुंडक्याला.”

“तू काय म्हणालीस?”

“म्हणाले, तो महिन्याला झटकतो.”

मी चहा ओतला, दोनच कप. सेल्बीचा तिसरा फळीवरच होता.