पाणी उतरल्यानंतर

बपेऱ्याकडे जाताना नदीकाठी एक लहानसा टोला लागतो. पंचवीस-तीस घरं, एक विहार, एक मारुतीचं देऊळ आणि गच्ची असलेली एकच इमारत, ती शाळेची. दोन हजार वीसच्या ऑगस्टात नदी टोल्यात शिरली तेव्हा सगळे त्या गच्चीवर चढले होते.

तिथेच तृप्तीने विमलाबाईंचा फोटो काढला. तृप्ती आंधळगावची. तेव्हा कॉलेजात होती, मदतीच्या नावेत कॅमेरा गळ्यात अडकवून बसली होती. फोटोत ताडपत्रीखाली दोन बाया खेटून बसलेल्या, एक विमलाबाई आणि दुसरी शकुनबाई. मधे खिचडीचा गंज, मोठं पातेलंच ते, आणि दोघींचे हात त्या एकाच गंजात. जन्मभर धानाच्या रोवण्याला एका रांगेत वाकलेल्या या दोघी, पण शकुनबाईने त्याआधी विमलाबाईंच्या घरचं पाणीही कधी घेतलं नव्हतं. तिच्या घरची रीतच तशी. एवढं नेलं नदीनं, त्यात ही रीतही नेली ते बरंच केलं, असं विमलाबाई पुढे म्हणायच्या.

पाणी उतरलं, मदतीला येणारे-जाणारे यायचे थांबले. तृप्ती मात्र दर वर्षी येत राहिली. पूर आला तो सगळ्यांनी पाहिला, तो गेल्यावर काय मागे राहतं ते तिला दाखवायचं होतं. बांधीत साचलेली रेती, जिथे आता धान गुडघ्याएवढाही होत नाही. पोपडे सुटलेल्या भिंती. आभाळ भरलं की गठुडं बांधून दारात बसणारी म्हातारी माणसं.

शकुनबाई तिला कधी भेटायची नाही, ती कामाला गेली असेल असं तिला वाटायचं. यंदा पौषात ती आली ती जुना फोटो मोठा करून घेऊन.

"मावशी, त्याच गच्चीवर तुमचा दोघींचा एक फोटो काढू."

विमलाबाईंनी फोटो पदराने पुसला. पुसण्यासारखं त्यावर काहीच नव्हतं.

"शकुन इथं कुठं राह्यते आता? पुराच्या दुसऱ्या वर्षीच आंबागडले गेली, भावाकडे. सांगून बी नाही गेली, पोरी. सकाळी उठून पाह्यलं, त दाराले कुलूप."

"मग चला ना. माझी गाडी आहे."

"मी कायले जाऊ? तिनं बोलावलं का मले?"

असं म्हणाल्या खऱ्या, पण उठून आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा अंगावर ठेवणीतलं लुगडं होतं आणि काखेत कोहळा. रिकाम्या हाताने कुणाच्या दारात जायची त्यांना सवय नव्हती.

वाटभर गाडीवर मागे बसून त्या मनात बोलणं जुळवत होत्या. असं विचारीन, तसं सुनावीन. आंबागडचा डोंगर दिसायला लागला तसा त्यांनी कोहळा काखेतून मांडीवर घेतला.

शकुनबाई अंगणात सुपात डाळ पाखडत होती. गाडीचा आवाज ऐकून तिने मान वर केली. सूप तसंच मांडीवर राहिलं.

"विमल?"

"हो, मीच."

"किती वाळली वं तू!"

कोहळा खाली ठेवून विमलाबाई बाजूला बसल्या आणि जुळवलेल्यातलं एवढंच म्हणाल्या, "सांगून त जायचं होतं."

शकुनबाई डाळीत बोटं फिरवत राहिली.

"मले अजून पाण्याचा आवाज येते, विमल. नळ सुरू झाला तरी छाती धडधडते. तुले सांगितलं असतं, त तू थांब म्हटलं असतं. तू थांब म्हटलं असतं, त मी थांबली असती. आन थांबली असती, त येडी झाली असती."

"मंग एखादा फोन?"

"कोणत्या तोंडानं करू?"

विमलाबाईंनी तिच्या मांडीवरचं सूप उचललं आणि स्वतः पाखडायला घेतलं. तृप्तीचा हात कॅमेऱ्याकडे गेला होता, तो तिने मागे घेतला.

शकुनबाईच्या भाचसुनेने, रिताने, कोहळा किसून गुळात शिजवला आणि त्यात कणीक मळून गोड बोंडं तळली. एकच ताट पुढे आलं. दोघींनी त्यातूनच खाल्लं, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. मग तृप्तीने हळूच विचारलं, "फोटो काढू?"

"त्या गच्चीवर मी नाही येणार," शकुनबाई घाबरून म्हणाली. "तिकडे पाऊलच उचलत नाही माहं."

"इथंच काढते."

"नको उचलू पाऊल," विमलाबाई म्हणाल्या. "माहे पाय अजून चालतेत. मीच येत जाईन."

तृप्तीने कॅमेरा डोळ्याला लावला. मागे डोंगर, अंगणात ऊन, पाण्याचा थेंबही कुठे नाही. शकुनबाईने मात्र विमलाबाईंचं मनगट गच्च धरलं होतं. फोटो काढून झाल्यावरही तिने ते सोडलं नाही. हेच ते, तृप्तीला वाटलं, एवढी वर्षं आपण भिंतींवर शोधत होतो ते.

त्या दिवशी विमलाबाई परतल्या नाहीत. तृप्तीने त्यांच्या मुलाला फोन करून तसं कळवलं, तेव्हा तो हसून म्हणाला, "राहू द्या, बाई. चार वर्षांचं बोलायचं राह्यलं असन."

उन्हाळाभर विमलाबाई तुमसरला एसटी बदलून आंबागडला जात-येत राहिल्या. पावसाळा लागला तसे शकुनबाईचे फोन सुरू झाले. "पाणी कुठवर आलं?" विमलाबाई खरं तेच सांगायच्या, देवळाच्या पायरीखाली असलं तर पायरीखाली. मग घरच्या दोन शेळ्यांचं आणि नव्या पिल्लाचं बोलणं निघायचं.

श्रावणात नदी पुन्हा चढू लागली आणि टोल्यात दवंडी फिरली. मुलगा आणि सून शाळेकडे निघाले. विमलाबाईंनी दोन्ही शेळ्यांची दावी हातात घेतली, शेजाऱ्याच्या टेम्पोत बसल्या आणि आंबागडला पोचल्या. तिथे शकुनबाईने गोठ्याचा एक कोपरा आधीच झाडून ठेवला होता. त्यात वाळलेला पाला टाकून ती दारातच उभी होती.

"शेळ्या दोनच कशा?" तिने विचारलं. "पिल्लू कुठं आहे?"

"हे काय, पदरात," विमलाबाई म्हणाल्या.