मुखपृष्ठावरची पाठ

दादा पुस्तक वाचत होता आणि शालूचा जीव टांगणीला लागला होता. ओसरीवर बसून, ओठ हलवत, ओळीखाली बोट धरून रामप्रसाद आपल्या बहिणीची कादंबरी वाचत होता. सातवं प्रकरण आता फार लांब नव्हतं.

दोन प्रकाशकांनी उत्तरच दिलं नव्हतं, तिसऱ्याने उलट तिच्याकडेच खर्च मागितला. तेव्हा भोकरदनच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवणारी ही बाई इरेला पेटली. टायपिंग तिचं, तपासणी तिची, पुस्तक छापून देणाऱ्या वेबसाइटवर चढवून प्रती मागवणंही तिचंच. सगळं आपल्या हातात, म्हणून काय मिरवली! गावाचं नाव बदललं, माणसांची नावं बदलली. मुखपृष्ठाला मात्र चित्रकार कुठून आणायचा, म्हणून मोबाइलमधला नंदावैनीचा पाठमोरा फोटो लावून मोकळी झाली. चेहरा थोडाच दिसतोय, असं तिला वाटलं. पिंपळगाव रेणुकाईत बाईला पाठीवरून ओळखत नाहीत असं वाटायला माणूस परगावचा लागतो, आणि ही तर इथेच जन्मलेली. संपादक असता तर त्याने आधी विचारलं असतं, हा फोटो कुणाचा? पण संपादकही तीच होती.

नळावर बायकांनी बघताक्षणी ओळखलं. दादाने तर कौतुकाने सगळ्या ग्रुपवर टाकलं होतं, पुस्तक माझ्या बहिणीचं, फोटो माझ्या बायकोचा.

आणि सातव्या प्रकरणात त्या फोटोतली बायको पिशवी भरून, नवऱ्याला सोडून, पहाटे स्टँडवर जाते. तीन वर्षांपूर्वी नंदावैनी खरोखरच गेली होती. एसटी आली, तिने पाय उचलला आणि ती माघारी फिरली. हे तिने फक्त शालूला सांगितलं होतं. कादंबरीत शालूने तिला एसटीत बसवून दिलं.

"शालूताई, मला इचारलं का न्हाई?" वैनी चुलीपुढे भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही.

"वेबसाइटवरून काढून टाकते, वैनी. आत्ताच."

"अन् त्यांच्या हातातलं?"

आपल्या हौसेपायी हिचा संसार मोडणार, या विचाराने शालूला स्वतःची चीड आली.

ओसरीवर पान उलटल्याचा आवाज झाला. मग पुस्तकात बोट घालून दादा स्वयंपाकघराच्या दारात आला.

"शाले, इथं चुकलंय."

"काय?"

"स्टँडवर कुनीच नव्हतं, असं लिवलंस. म्या व्हतो. हाटेलाच्या मागं."

भाकरी थापायचा आवाज थांबला.

"तिच्या मागंमागंच गेल्तो. हाक मारावी वाटलं, पर मारली न्हाई. हाकेनं आली असती तर माझ्या भ्यानं आली असती." तो पुस्तकाकडेच बघत होता. "ती वळली तसा जल्दी घरी आलो अन् पांघरून घेऊन पडलो."

नंदावैनीने पिठाचे हात परातीत तसेच ठेवले.

"मंग इतके दिस बोलला का न्हाई?"

"बोललो अन् तू पुन्हा गेली, तर?" दादा म्हणाला. "अजून बी पहाटं उठलो की आधी खुंटीवरची पिशवी बघतो."