मागच्या सीटवरची ताई

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांचं सगळं नाकासमोर. ताकाला जाऊन भांडं लपवणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. "क्लच सोडा. घाबरू नका. पुढे बघा." एवढ्या भांडवलावर वीस वर्षांत त्यांनी हजारभर माणसं रस्त्यावर आणली होती, चांगल्या अर्थानं. सख्ख्या ताईपुढे मात्र ही वाक्यं चालेनात.

दोन वर्षांपूर्वी एक ट्रक ताईच्या गाडीला घासून गेला. तिला खरचटलंही नाही, पण तेव्हापासून स्टिअरिंगला हात लावला की बोटं थरथरायची. दोन बस बदलून ती प्रयोगशाळेत कामाला जायची. मास्तरांनी समजावलं, रागावून पाहिलं, एकदा तर किल्ली तिच्या हातात कोंबली. ती किल्ली टेबलावर ठेवून ताई मुकाट्यानं रडली. त्या दिवसानंतर मास्तरांनी किल्लीचं नाव काढलं नाही.

मग एक निवृत्त नर्सबाई शिकायला आल्या. वय बासष्ट. सगळे त्यांना सिस्टरच म्हणत.

"ताई, तू सकाळी मागे बसशील का?" मास्तरांनी विचारलं. "माझा आवाज ऐकला की सिस्टर डोळेच मिटतात."

"नुसतं बसायचं?"

"नुसतं बसायचं."

पहिल्या दिवशी ताई दाराची कडी घट्ट धरून बसली. तिसऱ्या दिवशी तिला राहवेना. "सिस्टर, इंजेक्शन देताना पेशंटला काय म्हणायचात?"

"म्हणायचे, घरी कोण कोण आहे ते सांगा."

"मग तुम्हीही सांगा. पण बघायचं रस्त्याकडेच."

सिस्टर नातवंडांविषयी सांगत राहिल्या आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्ये कधी गेली ते त्यांना कळलंही नाही. ताईचा हातही कडीवरून सुटला होता. मास्तरांनी ते आरशात पाहिलं.

महिन्याभरानं एका अरुंद चढावर गाडी बंद पडली. समोर पाण्याचा टँकर, हॉर्नवर हॉर्न. सिस्टरनी दोन्ही हातांनी मास्तरांचा दंड पकडला, तो सोडेचनात. ताई खाली उतरली. पुढचं दार उघडून हळूच म्हणाली, "सिस्टर, तुम्ही मागे बसा बघू."

ती स्टिअरिंगपुढे बसली. बोटं थरथरत होतीच. तशाच बोटांनी तिनं गाडी सुरू केली, मान वळवली आणि इंच इंच मागे घेत एका फाटकाशी नेऊन उभी केली. टँकर निघून गेला. मास्तरांचा पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर तरंगत होता. तो त्यांनी दाबला नाही. इतकं कष्टाचं काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं.

सिस्टरना घरी सोडल्यावर ताईनं विचारलं, "हे तू ठरवून केलंस ना?"

"पहिला आठवडा. पुढे विसरूनच गेलो. त्या खरंच तुझंच ऐकायच्या."

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग आलीस कशाला?"

"तू पहिल्यांदाच मला काही करायला लावत नव्हतास," ती म्हणाली.

सोमवारी ती एकटीच गाडी घेऊन कामावर गेली. नऊच्या सुमारास फोन आला. "पोचले."

"बरं," मास्तर म्हणाले. फोन ठेवल्यावर ते चष्मा पुसत बसले. शेजारी नवा विद्यार्थी क्लचवर पाय ठेवून, काय करायचं ते विचारत होता.