वहिनींचं आंबट झाड

त्या झाडाचं सफरचंद एकदा एका शेळीनं तोंडात घेतलं आणि दोन पावलं मागं सरून थुंकून टाकलं. हे पाहिलेलं कुणीच नव्हतं, पण सांगायला सगळं गाव पुढे. झाडही तसंच होतं. बुंधा वाकडा, फळ सुपारीपेक्षा जरासं मोठं, आणि आंबट तर असं की नुसती आठवण काढली तरी कानाच्या मागं कळ यावी. दोन बागांच्या मधल्या दगडी बांधावर, वहिनींच्या बाजूला, ते वर्षानुवर्षं उभं होतं.

वहिनी म्हणजे साऱ्या गावाच्याच वहिनी. त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा त्यांना वहिनीच म्हणायची. पण बांधापलीकडची बाग ज्याची, त्याच्या त्या खऱ्याखुऱ्या वहिनी. तो त्यांचा धाकटा दीर आणि गावच्या बागायतदार संघाचा अध्यक्ष. पूर्वी गावातल्या प्रत्येक बागेत असं एखाददुसरं आंबट झाड असायचं. कुणी लावलं, कशाला लावलं, कुणालाच ठाऊक नव्हतं. मग बाजारात लाल, गोड, मोठ्या फळाला मागणी आली आणि अध्यक्षांनी संघाच्या सभेत ठणकावून सांगितलं, "फुकट जागा अडवणारी झाडं काढा. तिथं गोड फळ लावा." बोले तैसा चाले या न्यायानं त्यांनी आधी स्वतःची दोन झाडं पाडली. पाठोपाठ गावानं.

मग ते वहिनींकडे आले. नीट विचारलं असतं तर वहिनींनी झाड दिलंही असतं, कारण त्यांनाही त्याचा काही उपयोग नव्हता. पण दीर आले ते हातात करवत घेऊनच.

"वहिनी, तुमच्या झाडाची सावली माझ्या ओळीवर पडते. आजच उतरवून टाकतो."

"आधी करवत आणि मग विचारणं? ही कुठली पद्धत, भाऊजी?" वहिनी म्हणाल्या. "माझ्या झाडाला हात लावायचा नाही. आज नाही नि उद्याही नाही."

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. निरोप जायचे ते सुनेमार्फत. अंगणात दोघं समोरासमोर उभे असले तरी दीर म्हणायचे, "तुझ्या सासूला सांग, पाण्याची पाळी माझी आहे." आणि वहिनी म्हणायच्या, "तुझ्या चुलतसासऱ्यांना सांग, मला ऐकू येतं." सून बिचारी मधल्या मध्ये मान हलवायची.

पुढं गावातलं फळ कमी होत गेलं. पहिल्या वर्षी खापर थंडीवर फुटलं, दुसऱ्या वर्षी खतविक्यावर. त्यानंतर दोष द्यायला कुणी उरलं नाही, तेव्हा लोक एकमेकांना द्यायला लागले. झाडं फुलायची, अगदी पांढरीशुभ्र व्हायची, आणि मग फुलं गळून नुसती पानं उरायची. वहिनींची बाग मात्र लगडलेली. "हाताला गुण लागतो," त्या बाजारात सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या. दिरांच्या बागेतही बांधालगतच्या ओळी भरायच्या. ते म्हणायचे, तिथं मी खत जास्त टाकलंय. दोघंही आपापल्या जागी खूष होते.

पण गाव खूष नव्हतं. गावाचा जीव होता तो पॅकिंग शेडमध्ये. लांबलचक पत्र्याचं छप्पर, मधून खडखडत जाणारा पट्टा, दोन्ही बाजूंना प्रतवारी करणाऱ्या बायका आणि पावसाळी कोटालाही चिकटून राहणारा फळांचा वास. वहिनींची सून त्या बायकांची मुकादम होती. फळ हातात घेऊन एकदाच फिरवायची आणि कुठल्या क्रेटमध्ये टाकायचं ते सांगायची. मुलगा संघाचा ट्रक चालवायचा. आता संघानं ठरवलं होतं, की याही वर्षी फळ आलं नाही तर शेड बंद करायचं आणि पट्टा विकून टाकायचा. मुलानं खाली शहरात एक खोली बघून ठेवली होती. त्यानं हे आईला सांगितलं नव्हतं. पण एक दिवस वहिनींना गच्चीवर मोठी पत्र्याची ट्रंक दिसली, आतून धुऊन उन्हात उघडी ठेवलेली. मग वेगळं सांगायची गरजच उरली नाही. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

झाडांना कळ्या धरल्या तशी फळबाग केंद्रातली सल्लागार बाई मोटारसायकलवरून घाट चढून आली. तिनं खताचं विचारलं नाही की थंडीचं. ती वरच्या बागेपासून एकेक बांध उतरत, प्रत्येकाला "मागच्या वर्षी कुठल्या झाडावर किती होतं?" एवढंच विचारत खाली आली. वहिनींच्या बांधापाशी ती थांबली आणि मोठ्यानं हसली. मग तिनं सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं.

"तुमच्या गोड जातीच्या फुलाला स्वतःच्या जातीचा पराग चालत नाही," ती म्हणाली. "दुसऱ्या जातीचा लागतो. मधमाशी तो आणते, पण आणायला तो कुठंतरी असावा तर लागतो ना! तुम्ही आंबट झाडं तोडलीत आणि फळाचा बापच घालवलात. आता गावात एकच उरलंय. त्याच्याजवळच्या बागा भरतात आणि लांबच्या रिकाम्या राहतात."

शेडमधल्या सगळ्या माना अध्यक्षांकडे वळल्या. अध्यक्षांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"नवी कलमं लावू. पण ती फुलायला काही वर्षं जातील," बाई पुढे म्हणाली. "या वर्षापुरता एक उपाय आहे. त्या झाडाच्या कळ्या लागलेल्या फांद्या कापायच्या, पाण्याच्या बादल्यांत ठेवायच्या आणि प्रत्येक बागेत टांगायच्या. मधमाश्यांच्या पेट्या मी आणते. मात्र झाड जवळजवळ बोडकं होईल." मग ती वहिनींकडे वळली. "तुमची खरंच कमाल आहे. सगळं गाव तोडत असताना तुम्ही दूरचं पाहिलंत."

वहिनींची मोठी पंचाईत झाली. एकीकडे हाताचा गुण गेला तो गेलाच, सगळं श्रेय त्या वाकड्या झाडानं खाल्लं. दुसरीकडे दूरचं पाहिल्याची शाबासकी आयती पदरात पडत होती. त्यांनी ती घेतली आणि मूग गिळून बसल्या.

"फांद्या देईन," त्या वजनकाट्याकडे बघत म्हणाल्या. "पण ज्यानं करवत आणली होती, त्यानं घरी येऊन मागायच्या."

दीर उठून बाहेर पडले. त्या दिवशी ते आले नाहीत, दुसऱ्या दिवशीही आले नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा. सून शेडमधून येऊन भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "आई, वरच्या बागेत कळ्या उमलायला लागल्यात." तिनं आग्रह केला नाही, डोळ्यांतून पाणी काढलं नाही. त्याचंच वहिनींना जास्त लागलं. ही पोरगी निघून गेली तर पट्ट्यावरचं फळ कोण फिरवून बघणार, आणि संध्याकाळी आपण कुणावर ओरडणार?

सकाळी उजाडल्याबरोबर त्यांनी खांद्यावर शिडी घेतली, हातात करवत घेतली आणि बांधाकडे निघाल्या. जाऊ दे तो मान, असं त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या. पाहतात तर झाडाखाली दीर उभे! भोवती बादल्याच बादल्या, सगळ्या पाण्यानं भरलेल्या. फांदीला मात्र त्यांनी हात लावला नव्हता.

दोघांनी एकमेकांच्या हातांकडे पाहिलं. या वेळी करवत वहिनींच्या हातात होती.

"फांद्या पाहिजे होत्या," दीर म्हणाले.

"कुणाला?"

"गावाला."

"गावाला की तुम्हाला?"

दिरांनी बादलीत पाहिलं. "मला, वहिनी. चूक माझी होती. गावाला मीच सांगितलं होतं झाडं तोडा म्हणून. झोप लागत नाही मला."

पण वहिनी अशा सहजासहजी सोडणाऱ्या नव्हत्या. "देते. पण फळ उतरवायच्या वेळी शेडमध्ये सगळ्यांसमोर या झाडाचं एक सफरचंद खायचं. तोंड वाकडं न करता."

"अख्खं?" दीर घाबरून म्हणाले.

"देठासकट म्हटलं नाही, हे उपकार समजा. आता शिडी धरा. आणि नीट धरा, मी काही हलकी नाही."

वहिनी कापत गेल्या, दीर खाली झेलत गेले. दिवस वर येईतो गावातलं प्रत्येक माणूस बादली न्यायला आलं होतं. पांढऱ्या-गुलाबी कळ्यांच्या फांद्या डोक्यावर, खांद्यावर घेऊन माणसं बांधाबांधानं चढत होती, आणि लांबून बघणाऱ्याला वाटावं, बागच घर बदलायला निघाली आहे. वहिनींनी एकच फांदी ठेवली. खाली उतरून त्यांनी बोडक्या झाडाकडे पाहिलं आणि त्यांना रडू आलं. लाजही वाटली नाही.

त्या वर्षी बागा लगडल्या म्हणणंही कमीच. फांद्यांना टेकू द्यायला बांबू पुरेनात, तेव्हा लोकांनी जुन्या खाटांचे पाय काढले. मुलाचा ट्रक भरून जायचा, रिकामा यायचा आणि परत भरायचा. शेडमध्ये पट्टा सकाळपासून खडखडत असायचा. एकदा तो अडला, तर बायकांनी क्रेट हातोहात पुढं दिले आणि दुरुस्ती होईतो काम थांबू दिलं नाही. खालच्या बाजारातले व्यापारी विचारायला लागले, हे कुठल्या गावचं फळ? सून मान ताठ करून गावाचं नाव सांगायची. ट्रंक पुन्हा माळ्यावर चढली होती, जुनी पांघरुणं पोटात घेऊन.

बोडक्या झाडावरही राहिलेल्या फांदीला थोडी फळं धरली होती. हंगाम संपत आला तसं एक दिवस ट्रक निघायच्या आधी वहिनींनी त्यातलं एक पदराला पुसलं आणि शेडमध्ये दिरांच्या हातावर ठेवलं. पट्टा थांबला. बायका क्रेटवर चढल्या. सल्लागार बाईसुद्धा मुद्दाम आली होती.

दिरांनी एक घास घेतला. त्यांच्या मिशा हलल्या, डोळे भरले, कपाळावरची शीर उठली, पण तोंड जागच्या जागी होतं. त्यांनी दुसरा घास घेतला. निम्मं फळ संपलं आणि ते पुढचा घास घेणार, एवढ्यात वहिनींनी त्यांचा हात धरला.

"थांबा. उरलेलं माझं."

"अहो, शर्त तर मला घातली होती!"

"ऐका सगळे," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही सगळे मला दूरचं पाहणारी म्हणता. मी बांधापलीकडचंसुद्धा पाहिलं नव्हतं. मला परागबिराग काही माहीत नव्हतं. भाऊजींची जिरवायची म्हणून ठेवलं होतं मी ते झाड. शाबासकी मात्र गुपचूप खाल्ली. मग आंबटही मलाच खाऊ द्या."

आणि त्यांनी उरलेलं निम्मं सफरचंद तोंडात घातलं. त्यांचं तोंड मात्र असं वाकडं झालं, की आधी सून हसली, मग मुलगा, मग सगळं शेड. दीर इतके हसले की त्यांना क्रेटवर बसावं लागलं.

"म्हणजे वहिनी, गाव वाचवलं ते आपल्या भांडणानं," ते डोळे पुसत म्हणाले.

"मग ते कशाला मोडायचं?" वहिनींनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. "नवी कलमं कुठं लावणार आहात?"

"बांधावर. माझ्या बाजूला."

"तुमच्या बाजूला? जमीन सगळी दगडाची तिथं! माझ्या बाजूला लावा."

"सावली माझ्या ओळीवर पडेल!"

"पडू दे! त्याच सावलीतल्या ओळी भरत होत्या तुमच्या!"

त्यांचा आवाज चढत गेला तशा बायका हसत आपापल्या जागी परतल्या. पट्टा पुन्हा खडखडू लागला. सुनेनं एक लालभडक फळ हातात फिरवून पाहिलं आणि पहिल्या प्रतीच्या क्रेटमध्ये टाकलं. ट्रकच्या काचेतून नवरा बघत होता.

"येतोस ना रात्री जेवायला?" तिनं विचारलं.

"येतो की. जाणार कुठं?" तो म्हणाला, आणि भरलेला ट्रक घाटाला लागला.